ग्राफिक्स कार्ड बदलू का? वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांमध्ये ग्राफिक्स कार्डाचा विषय पुन्हा पुन्हा आला, म्हणून हे सदर सगळं त्यालाच दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. (जीटीएक्स आणि आरटीएक्स ही एनव्हिडियाची कार्डं, आरएक्स एएमडीची. एफपीएस म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं.)

प्रश्न : माझ्याकडे इंटेल कोअर आय५-७४००, १६ जीबी रॅम आणि जीटीएक्स १०६० चं ६ जीबीवालं कार्ड आहे. मॉनिटर १०८०पी, ६० हर्ट्झ. नवे गेम मीडियमवर ठेवले तरी ३५-४० एफपीएसच्या पुढे जात नाहीत. आरटीएक्स ४०६० घेतलं तर ६० मिळतील का?

उत्तर : हे कार्ड विकत न घेताही कळू शकतं, आणि त्याला अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्याबरोबर येणारा रिव्हाट्यूनर हे दोन फुकट प्रोग्रॅम बसवा. आफ्टरबर्नरच्या सेटिंगमध्ये मॉनिटरिंगच्या पानावर जीपीयूचा (कार्डावरच्या मुख्य चिपचा) वापर, त्याचं तापमान, कार्डाची मेमरी, रॅम, फ्रेमरेट, फ्रेमटाइम (एका फ्रेमला लागलेला वेळ) आणि प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या एकेका कामाचा) वेगळा वापर एवढं गेम खेळताना स्क्रीनवर दिसेल असं करून घ्या. गेममधलं व्ही-सिंक (फ्रेम मॉनिटरच्या हर्ट्झशी बांधणारं सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा दोन्ही बंद करा. नाहीतर ६० वर अडकलेला आकडा पाहून कार्ड रिकामं बसलंय असा गैरसमज होईल.

आता गेममधली अशी जागा शोधा जिथे फ्रेम हमखास पडतात : गर्दीचा बाजार, किंवा शहरातून भरधाव जाणारी गाडी. मोकळ्या माळावर घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही. एकच रस्ता ठरवून दोन-तीन मिनिटं फिरा आणि आकडे लिहून ठेवा. मग बाकी कशालाही हात न लावता रिझोल्यूशन ७२०पीवर आणा आणि पुन्हा तोच रस्ता फिरा. १०८०पीला एका फ्रेममध्ये २०,७३,६०० पिक्सेल असतात, ७२०पीला ९,२१,६००. म्हणजे कार्डाचं काम निम्म्याहून कमी झालं. प्रोसेसरचं मात्र जवळपास तेवढंच राहिलं, कारण गर्दीतला कोण कुठे चालतोय, कोणती गाडी कशावर आदळली, कार्डाला काय काय काढायला सांगायचं, हा हिशेब पिक्सेल कितीही असले तरी त्याला करावाच लागतो.

३८ चे ६५ झाले तर अडवणूक कार्डाची आहे. ३८ चे ४२ झाले तर ती प्रोसेसरची किंवा रॅमची आहे, आणि मग ४०६० काय, त्याच्या दुप्पट ताकदीचं कार्ड बसवलंत तरी त्या जागी ४२ च्या आसपासच राहाल. ७२०पीला जो आकडा येतो तो तुमच्या प्रोसेसरची कमाल मर्यादा समजा. नवं कार्ड त्या मर्यादेपर्यंतच पोचवेल. ही एक चाचणी केलीत तर कार्डांच्या तुलनेचे पाच व्हिडिओ पाहण्याची गरज उरत नाही.

चाचणी घेताना बरेच जण प्रोसेसरचा एकूण वापर पाहून फसतात. १२ थ्रेडच्या प्रोसेसरवर गेमचा मुख्य थ्रेड शंभर टक्के भरला तरी एकूण आकड्यात त्याची भर जेमतेम ८ टक्क्यांची असते. ‘प्रोसेसर तर ४० टक्केच चालतोय’ असं म्हणणाऱ्याचा प्रोसेसरच बरेचदा आडवा येत असतो. म्हणून नजर जीपीयूच्या वापरावर ठेवा. मर्यादा काढलेली असताना तो ९५ च्या वर असेल तर कार्ड पूर्ण कामाला लागलंय. ६०-७० वर रेंगाळत असेल तर ते कुणाची तरी वाट बघतंय.

तुमच्या मशीनपुरतं सांगायचं तर आय५-७४०० मध्ये चारच कोअर आणि चारच थ्रेड आहेत. गेल्या काही वर्षांतले मोठे गेम सहा किंवा आठ कोअर गृहीत धरून बनवलेले असतात, त्यामुळे नवं कार्ड घातल्यावर सरासरी वाढली तरी मधले झटके तसेच राहण्याची शक्यता मोठी आहे. ७२०पीला तुमच्या आवडीचे गेम ६० च्या वर गेले तर आधी कार्ड घ्या. ते पुढच्या मशीनमध्येही कामाला येईल. नाही गेले तर आधी मदरबोर्ड, प्रोसेसर आणि रॅम बदला आणि तोवर १०६० वरच भागवा. त्याच बोर्डावर आय७-७७०० बसतो आणि त्यात आठ थ्रेड मिळतात, पण तो वापरलेला आणि अगदी स्वस्तात मिळाला तरच. या बोर्डाला पुढे वाट नाही आणि विंडोज ११ च्या अधिकृत यादीत सातव्या पिढीचा हा प्रोसेसर बसत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आहे.

१०६० लाही फार दिवस ओढता येणार नाही. एनव्हिडियाने १० मालिकेसाठी गेमच्या नव्या ड्रायव्हरचा पुरवठा ऑक्टोबर २०२५ पर्यंतच ठेवला. त्यापुढे फक्त सुरक्षेचे अपडेट. शिवाय ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ (२०२४) आणि ‘डूम : द डार्क एजेस’ (२०२५) यांसारख्या गेमना रे ट्रेसिंगचं (प्रकाशकिरणांचा हिशेब करणारं) हार्डवेअर असलेलं कार्डच लागतं. तिथे सेटिंग कितीही खाली आणलं तरी उपयोग नाही.

प्रश्न : १४४०पी मॉनिटर घेतला आहे. ८ जीबी मेमरीचं कार्ड पुरेल की १६ जीबीच घ्यावं? सध्याच्या ८ जीबीच्या कार्डावर आफ्टरबर्नरमध्ये ७.५ जीबी वापर दिसतो.

उत्तर : ७.५ दिसतंय म्हणजे मेमरी संपलीच असं नाही. गेम जागा मिळेल तेवढी अडवून ठेवतात. १६ जीबीच्या कार्डावर तोच गेम ११ जीबी दाखवेल आणि फ्रेम मात्र तेवढ्याच देईल. खरोखर कमी पडते तेव्हाची लक्षणं वेगळी असतात. सरासरी एफपीएस बरी असते, पण वळण घेताना किंवा नव्या भागात शिरताना गेम अर्धा-पाऊण सेकंद अडखळतो. भिंतीवरची चित्रं बराच वेळ धूसर राहतात, काही गेममध्ये शेवटपर्यंत स्पष्टच होत नाहीत. अर्धा-एक तास खेळल्यावर फ्रेम हळूहळू घसरतात आणि गेम बंद करून उघडला की पुन्हा ठीक होतात.

याचं कारण आकड्यांत बघा. आरटीएक्स ४०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला २७२ जीबी वेगाने वाचता येते. मेमरी भरली की उरलेला माल मुख्य रॅममध्ये जातो आणि तिथून पीसीआय एक्सप्रेसच्या रस्त्याने परत आणावा लागतो. हे कार्ड त्या रस्त्याच्या आठच लेन (मार्गिका) वापरतं, म्हणून चौथ्या पिढीच्या बोर्डावर तो रस्ता सेकंदाला सुमारे १६ जीबीचा आणि तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर सुमारे ८ जीबीचा. जुना बोर्ड आणि ८ जीबीचं आठ लेनचं कार्ड ही जोडी म्हणूनच सगळ्यात आधी अडखळते.

खात्री करायची असेल तर फक्त टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) एक पायरी खाली आणून बघा, बाकी सेटिंग तशीच ठेवा. अडखळणं थांबलं तर मेमरीच कमी पडत होती. टेक्श्चरचा भार जवळजवळ पूर्ण मेमरीवर असतो. मेमरी पुरत असेल तर ते अल्ट्रावर ठेवल्याने फ्रेम फारशा कमी होत नाहीत.

आज १४४०पीसाठी नवं कार्ड घेऊन चार-पाच वर्षं वापरायचं असेल तर आमचं उत्तर सरळ आहे : १२ जीबीच्या खाली जाऊ नका, जमलं तर १६. मात्र मेमरी जास्त म्हणजे कार्ड वेगवान, असं नसतं. आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी आहे आणि ३०६० टीआयला ८, तरीही मेमरी पुरते तिथे टीआय स्पष्टपणे पुढे असतं. आणि ४०६० टीआयचे ८ व १६ जीबी असे दोन प्रकार आहेत, त्यांच्यात चिप एकच आहे. जिथे ८ पुरतात तिथे दोघांचा वेग सारखाच.

प्रश्न : एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) ४५० वॉटचा आहे, सहा-सात वर्षं जुना. प्रोसेसर रायझन ५ ५६००. आरटीएक्स ४०६० टीआयसाठी एक जण म्हणतो पुरेल, दुसरा म्हणतो ७५० लागेल. खरं काय?

उत्तर : आधी बेरीज करू. ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो, कार्ड १६०, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे मिळून ५० धरा. झाले २८६. कागदावर ४५० भरपूर. तरीही एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० सुचवते, कारण लोकांकडे कोणता एसएमपीएस असेल हे तिला माहीत नसतं.

तुमच्या एसएमपीएसवरचं लेबल वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघांनाही १२ व्होल्टच्या रेलवरूनच (वाहिनीवरूनच) वीज मिळते. तिथे ३६ अँपिअर लिहिलं असेल तर १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॉट. एसएमपीएस प्रामाणिक आहे. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५० आणि १२ व्होल्टपुढे फक्त २० अँपिअर असेल तर तो खरं तर २४० वॉटचा आहे. त्याच्यावर हे कार्ड लावू नका.

सरासरी वापराशिवाय क्षणिक उसळीही असते. कार्ड एक मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ नेहमीच्या दुप्पट किंवा त्याहूनही जास्त वीज ओढतं. आरटीएक्स ३०८० आणि ३०९० च्या काळात चांगले एसएमपीएसदेखील यामुळे बंद पडत. लक्षण ओळखायला सोपं आहे : भारी दृश्य आलं की निळी स्क्रीन नाही, काही संदेश नाही, मशीन एकदम काळंठिक्कर. एसएमपीएसने स्वतःला वाचवण्यासाठी वीज तोडलेली असते. २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकानुसार बनलेले एसएमपीएस अत्यल्प वेळासाठी दुप्पट उसळी सोसतील असे बनवलेले असतात. १६० वॉटच्या कार्डाला त्याची निकड नाही, २५० च्या पुढे मात्र तो घेणं शहाणपणाचं.

वायरींकडे नीट लक्ष द्या, कारण जळण्याचे प्रकार बहुधा तिथेच होतात. पीसीआय स्लॉट ७५ वॉट देतो, सहा पिनचा कनेक्टर ७५, आठ पिनचा १५०. एसएमपीएसला आठ पिनची वायर नसेल तर साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीतून सहा पिन काढून देणारा अडॅप्टर मिळतो. तो घेऊ नका. साटाच्या कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकीची क्षमता दीड अँपिअर. हिशेब होतो ५४ वॉटचा, आणि सहा पिनवर कार्ड ७५ मागू शकतं. प्लास्टिक वितळतं ते इथेच. प्रोसेसरची आठ पिनची वायर कार्डाच्या वायरीसारखी दिसते, पण तिची रचना उलटी असते. ती ४ अधिक ४ अशी सुटते, कार्डाची ६ अधिक २ अशी. जोर लावून बसवायचा प्रयत्न करू नका. मॉड्युलर (वायरी सुट्या होणारा) एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी नव्याला लावणं ही आणखी एक महागडी चूक. दोन्हीकडची टोकं सारखी दिसली तरी एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलते, आणि एका क्षणात डिस्क किंवा बोर्ड जातो.

काही कार्डांना १६ पिनचा छोटा कनेक्टर येतो. तो पूर्ण आत गेला पाहिजे. कडेला फट दिसता कामा नये, आणि तोंडापासून तीन-साडेतीन सेंटिमीटर तरी वायर सरळ ठेवावी. अर्धवट बसलेल्या कनेक्टरवर सगळा भार मोजक्या पिनांवर येतो.

निर्णय : लेबल चांगलं असेल, एसएमपीएस नावाजलेल्या कंपनीचा असेल तर ४५० वर हे कार्ड चालेल. पण सात वर्षं वय झालेला एसएमपीएस कार्डाबरोबरच बदलावा, ५५० ते ६५० चा. ७५० ची गरज नाही.

प्रश्न : घरी ऑफिसमधून काढलेला छोट्या कॅबिनेटचा डेस्कटॉप आहे, आय५-६५०० आणि २४० वॉटचा एसएमपीएस. मुलीला त्यावर गेम खेळायचे आहेत. कोणतं कार्ड बसेल?

उत्तर : वेगळी वायर न लागणारं आणि अर्ध्या उंचीचंच. तुमच्यासाठी सगळ्यात योग्य म्हणजे आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं, ७० वॉटचं, लो प्रोफाइल मॉडेल. त्याच नावाचं ८ जीबीचं कार्ड १३० वॉटचं असतं आणि त्याला वायर लागते. खोक्यावर नीट वाचून घ्या.

आरएक्स ६४०० छोटं असतं, पण तुमच्या मशीनसाठी नको. ते चारच लेन वापरतं. तुमचा बोर्ड पीसीआय एक्सप्रेसच्या तिसऱ्या पिढीचा, त्यामुळे आधीच ४ जीबी असलेली मेमरी भरली की माल सेकंदाला ४ जीबीच्या वाटेने येणार. शिवाय त्यात व्हिडिओ एन्कोडर नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करायला बसलात की सगळं ओझं प्रोसेसरवर.

घेण्याआधी तीन गोष्टी मोजा : ब्रॅकेटपासून आतल्या पहिल्या अडथळ्यापर्यंतची लांबी, कार्ड किती स्लॉट जाड आहे, आणि स्लॉटच्या शेजारी साटाच्या वायरी आडव्या येतात का. काही कंपन्या अशा छोट्या मशीनच्या स्लॉटला ७५ वॉटपेक्षा कमी मर्यादा ठेवतात. ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. रॅम एकाच पट्टीत असेल तर त्याच क्षमतेची दुसरी पट्टी टाका. चार कोअरच्या प्रोसेसरवर हा खर्च पुष्कळदा कार्डाइतकाच जाणवतो.

प्रश्न : आरएक्स ५८० काढून आरएक्स ७६०० बसवलं. रायझन ५ ३६००, बी४५० बोर्ड. स्पर्धात्मक नेमबाजीच्या गेममध्ये, सगळं लो वर ठेवून, १५ फ्रेमसुद्धा वाढल्या नाहीत. कार्ड खराब आहे का?

उत्तर : बहुधा नाही. लो सेटिंग आणि १०८०पी म्हणजे कार्डाला काम जवळजवळ नाहीच. सगळा जोर प्रोसेसरवर. सेटिंग हाय करून बघा. फ्रेम तेवढ्याच राहिल्या तर कार्ड ठणठणीत आहे आणि तुम्हाला त्याच फ्रेममध्ये सुंदर चित्र फुकट मिळतंय.

तरीही एकदा या गोष्टी तपासाच. मॉनिटरची वायर बोर्डाच्या मागे नाही, कार्डाच्या मागे लावली आहे ना (तुमच्या प्रोसेसरला स्वतःचं ग्राफिक्स नाही म्हणून तुमच्याकडे ही चूक होणार नाही, पण बाकीच्या वाचकांकडे ती सर्रास आढळते). मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तेवढेच निवडलंय का; नवं कार्ड लावल्यावर ते गुपचूप ६० वर येऊन बसतं. रॅमचा वेग टास्क मॅनेजरमध्ये बघा. ३२०० चा रॅम बायॉसमध्ये (बोर्डाच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर नेणारं सेटिंग, चालू केल्याशिवाय २१३३ किंवा २४०० वरच चालतो, आणि रायझन ३६०० ला त्याचा फटका चांगलाच बसतो.

जीपीयू-झेड हा छोटा प्रोग्रॅम उघडा आणि बस इंटरफेसची ओळ वाचा. रिकाम्या वेळी ती कमी वेग दाखवते, म्हणून शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारून चाचणी सुरू करा. ‘एक्स८, ३.०’ दिसलं तर बरोबर आहे, या कार्डाला आठच लेन आहेत. ‘एक्स४, २.०’ दिसलं तर कार्ड खालच्या लांब स्लॉटमध्ये बसलंय. बी४५० च्या बहुतेक बोर्डांवर तो स्लॉट दिसायला मोठा पण लेन चारच. वरच्या स्लॉटमध्ये हलवा.

रिसाइझेबल बारही (प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सोय) चालू करा. त्याचं लक्षात ठेवण्यासारखं पथ्य आहे. बायॉस अद्ययावत हवं, ‘अबव्ह ४जी डिकोडिंग’ चालू हवं आणि सीएसएम (जुन्या पद्धतीने मशीन सुरू करण्याची सोय) बंद हवं. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद करताच मशीन सुरूच होणार नाही. घाबरू नका, सीएसएम पुन्हा चालू केलं की विंडोज परत येतं. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क जीपीटी आहे का बघा. नसेल तर बॅकअप घेऊन विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी साधनाने बदला, मग बायॉसला हात लावा. इंटेल आर्क कार्ड घेणाऱ्यांनी तर हे आधीच तपासावं, कारण रिसाइझेबल बारशिवाय ती कार्डं फारच मागे पडतात.

प्रश्न : नव्या कार्डाच्या जाहिरातीत ‘जुन्यापेक्षा तीन-चारपट फ्रेम’ लिहिलेलं असतं. हे खरं मानायचं का?

उत्तर : आलेखाखालची बारीक ओळ वाचा. नव्या कार्डाच्या आकड्यात फ्रेम जनरेशनच्या फ्रेम धरलेल्या असतील तर तुलना सरळ नाही. आरटीएक्स ४० मालिका दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनवलेली फ्रेम घालते, ५० मालिका एकाहून जास्तही. मॉनिटरवर हालचाल गुळगुळीत दिसते हे खरंच, पण माउस हलवल्यावर गेम उत्तर देतो तो खऱ्या फ्रेमच्या गतीनेच, शिवाय मधली फ्रेम बनवण्यासाठी पुढची खरी फ्रेम थोडा वेळ रोखून धरावी लागते. खऱ्या ६० चे ११० झाले तर छान वाटतं. खऱ्या २८ चे १०० झाले तर ते स्क्रीनवर वेगवान आणि हाताला चिखलात चालल्यासारखं लागतं. नेमबाजीच्या गेममध्ये तर ते बंदच ठेवा.

अपस्केलिंग (लहान चित्र काढून ते मोठं करणं) वेगळं, आणि ते आम्हाला खरोखर उपयोगी वाटतं. डीएलएसएस किंवा एफएसआरच्या ‘क्वालिटी’मध्ये चित्र लांबी-रुंदी दोन्हींत ६७ टक्के पिक्सेलांवरच रेखाटलं जातं. म्हणजे ४के मॉनिटरवर खरं काम १४४०पीचं, आणि १०८०पी मॉनिटरवर ७२०पीचं. ४के वर फरक शोधावा लागतो, १०८०पीवर तो न शोधता दिसतो. आणि पहिल्या उत्तरातली चाचणी आठवा : जिथे प्रोसेसर अडवतोय तिथे अपस्केलिंगने फ्रेम वाढणार नाहीत.

प्रश्न : आरटीएक्स ३०६० टीआय आहे, १४४०पीला बहुतेक गेम ६० च्या आसपास चालतात. ४०६० टीआय घेऊ का?

उत्तर : नको. नावात एक पिढी पुढे असलं तरी ४०६० टीआयची मेमरी सेकंदाला २८८ जीबीची, तुमच्या कार्डाची ४४८. नव्यात कॅश (चिपमधली छोटी, वेगवान मेमरी) जास्त आहे म्हणून ते बरोबरीने चालतं, थोडं पुढेही जातं, पण १४४०पीला ती आघाडी आणखी आक्रसते.

असा प्रश्न पडला की फ्रेमऐवजी मिलिसेकंदांत हिशेब करा. ६० चे ६६ झाले तर एक फ्रेम १६.७ ऐवजी १५.२ मिलिसेकंदांत आली. दीड मिलिसेकंदासाठी कुणी पैसे मोजू नयेत. ४० चे ६० झाले तर २५ ची १६.७ झाली, आणि ते कुणालाही दिसतं. १२० चे १४४ झाले तर पुन्हा दीडच मिलिसेकंदाच्या आत. तुमच्या गेममध्ये, तुमच्या रिझोल्यूशनला, नवं कार्ड किमान दीडपट देत नसेल तर थांबा. चाचण्यांचे तक्ते बघताना सरासरीच्या बरोबरीने ‘एक टक्का लो’ (सगळ्यात संथ एक टक्का फ्रेमचा वेग) हा आकडा बघा आणि ते तक्ते सर्वांत वेगवान प्रोसेसरवर काढलेले असतात हे ध्यानात ठेवा. दीडपटीला एक अपवाद : मॉनिटरचं व्हेरिएबल रिफ्रेश (फ्रेमच्या गतीप्रमाणे हर्ट्झ बदलणं) ४८ हर्ट्झपासून चालू होत असेल आणि तुम्ही ४२-४५ वर अडकला असाल, तर थोड्या वाढीनेही मोठा दिलासा मिळतो. पण तेवढी वाढ सावल्या आणि रिफ्लेक्शन एक पायरी उतरवूनही मिळते.

प्रश्न : क्रिप्टो मायनिंगला वापरलेलं कार्ड घ्यावं का?

उत्तर : किंमत खरोखर कमी असेल आणि समोर चालवून बघायला मिळत असेल तर घ्या. सतत चाललेल्या चिपपेक्षा पंखे, थर्मल पेस्ट आणि मेमरीवरचे पॅड आधी थकतात. अर्धा तास भारी गेम किंवा बेंचमार्क चालवा. हॉट स्पॉट (चिपवरची सगळ्यात गरम जागा) आणि जीपीयूच्या तापमानात ३० अंशांहून जास्त अंतर पडलं तर पेस्ट वाळलेली आहे. रंगीत ठिपके, चौकोन किंवा क्षणभर काळी स्क्रीन दिसली तर उठून चालू लागा. पंखे हाताने हलके फिरवून खरखर येते का ऐका. ही दुरुस्ती स्वस्त आहे, मेमरीची नाही.

आणि नावाची शहानिशा करा. जुन्या चिपवर खोटं बायॉस चढवून जीटीएक्स १०५० टीआय किंवा १०६० म्हणून विकलेली कार्डं फिरत असतात. जीपीयू-झेड अशा अनेक कार्डांना नावापुढे ‘फेक’ असा शेरा मारतो. काही बनाव नसून नुसतीच पळवाट असते : १०६० च्या ३ जीबीवाल्यात ६ जीबीवाल्यापेक्षा कोअरही कमी आहेत, १२८० ऐवजी ११५२. आरएक्स ५८० च्या ‘२०४८ एसपी’ प्रकारात मूळचे २३०४ कोअर नाहीत, २०४८ च आहेत.

प्रश्न : लॅपटॉपचं कार्ड बदलता येतं का?

उत्तर : जवळजवळ कधीच नाही, ते बोर्डावरच डकवलेलं असतं. थंडरबोल्टवरून बाहेरचं कार्ड लावता येतं, पण वाट चार लेनचीच आणि खोक्याचा खर्च वेगळा. नवा लॅपटॉप घेताना मात्र नावाशेजारी वॉट विचारा : आरटीएक्स ४०६० हे एकच नाव ३५ वॉटपासून ११५ वॉटपर्यंतच्या लॅपटॉपना लावलेलं असतं.

प्रश्न : कार्ड स्वतः बदलणार आहे. काय काळजी घेऊ? आणि जुनं लगेच विकू का?

उत्तर : एनव्हिडियाकडून एएमडीकडे किंवा उलट जात असाल तर इंटरनेट तोडून, विंडोज सेफ मोडमध्ये उघडून, डीडीयूने (ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमने) जुना ड्रायव्हर पूर्ण काढा. एकाच कंपनीचं कार्ड असेल तर बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही. मशीन बंद करा, मागची वायर काढा, मग पुढचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवा. आधी वायरी, मग ब्रॅकेटचे स्क्रू, मग स्लॉटच्या टोकाची खिटी दाबून कार्ड सरळ वर उचला. खिटी न सोडता ओढलं तर स्लॉट मोडतो आणि बोर्ड जातो. नवं बसवताना खिटी ‘टक’ वाजली पाहिजे. लांबलचक, जड कार्ड शेवटाकडून झुकत असेल तर खाली टेकू द्या.

सुरू केल्यावर पंखे फिरतात पण स्क्रीन काळी असेल तर क्रमाने बघा : वीजेची वायर, खिटी, मॉनिटरची वायर, मग बायॉस. फार जुन्या, यूईएफआय (नव्या पद्धतीचं बायॉस) नसलेल्या बोर्डावर नवं कार्ड चित्रच देत नाही असंही होतं.

जुनं कार्ड महिनाभर राहू द्या. तुमच्या प्रोसेसरच्या नावाशेवटी इंटेलचं ‘एफ’ असेल किंवा तो ‘जी’ नसलेला रायझन ५००० असेल, तर त्यात स्वतःचं ग्राफिक्स नाही. नवं कार्ड वॉरंटीत परत पाठवायची वेळ आली तर मशीन चालू ठेवायला जुनंच हाताशी लागेल.